मुशीतील पोलाद

इसवी सन १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे डॉ. जॉर्ज पिअर्सन यांचा एक निबंध वाचला गेला. मुंबईत तयार होणाऱ्या व तेथे 'वूट्झ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका पोलादाचे स्वरूप शोधण्यासाठी केलेले प्रयोग, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. कंपनी सरकारच्या सेवेत मुंबईस वैद्यकी करणारे डॉ. हेलेनस स्कॉट हे मोठे जिज्ञासू गृहस्थ होते. या मुलखातील कारागिरांच्या ज्या ज्या जिनसांत त्यांना काही विशेष दिसे, त्यांचे नमुने ते सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे जहाजाने रवाना करीत, आणि अशाच एका खेपेत, सुमारे दोन रत्तल वजनाच्या काळसर पोलादी वड्या त्यांनी लंडनला पाठविल्या होत्या. या वड्या मुंबईतच तयार झाल्या असे पिअर्सन यांनी मानले, ते मात्र बरोबर नव्हते. मुंबई ही त्या मालाची एक पेठ होती. माल घडत होता तो दख्खनच्या पठारावर आणि त्याच्याही दक्षिणेस, तेलंगण, म्हैसूर व सेलम या प्रांतांतील लहान लहान खेड्यांत, जेथे या पोलादाला कानडी व तेलुगू कारागीर 'उक्कु' म्हणत. त्या वड्यांपासून जी शोधपरंपरा सुरू झाली ती दोनशेहून अधिक वर्षे चालली, तीत युरोपातील कितीतरी श्रेष्ठ बुद्धिमंत गुंतले, आणि आज ज्याला आपण द्रव्यविज्ञान म्हणतो त्या शास्त्राचे एक मूलतत्त्व, म्हणजे वस्तूचे गुण ती कशाची बनली आहे एवढ्यावरच अवलंबून नसून ती कशी बनली आणि बनताना तिच्या पोटातील कणांची रचना कशी झाली यावरही अवलंबून असतात हे तत्त्व, बऱ्याच अंशी या पोलादाच्या अभ्यासातून उजळून निघाले. शास्त्रज्ञांची कथा अनेकांनी सांगितली आहे. पण ती कथा आणि त्या खेड्यांचा इतिहास ही दोन्ही एकत्र ठेवून वाचल्यावाचून या विषयाला न्याय मिळत नाही, असे माझे मत आहे.

या खेड्यांपैकी एक आपल्या सीमेपासून फार दूर नाही. नांदेडहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरत गेले म्हणजे बासरचे सरस्वतीक्षेत्र लागते. त्याच्या पुढे नदीच्या उत्तरेस निर्मळ हे जुने किल्लेवजा गाव आणि दक्षिणेस, पूर्वीच्या इंदूर म्हणजे आजच्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम हे खेडे आहे. निजामाच्या अंमलात हा सारा प्रदेश मराठवाड्याशी एकाच राज्यात नांदत होता, आणि निर्मळ ज्या आदिलाबाद जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आपला किनवट तालुकाही होता. मराठीत पोलादाला 'तिखे' असा एक जुना शब्द आहे, आणि नांगराच्या फाळाला अथवा कुऱ्हाडीला तिखे लावून घेण्याची भाषा खेड्यापाड्यांतील लोहारांच्या तोंडी होती. परंतु कोनसमुद्रमची वडी फाळाकुऱ्हाडींसाठी नव्हती. तिचे गिऱ्हाईक इराणात होते.

हा व्यापार किती जुना, याचा काही अदमास तमिळनाडूतील कोडुमणल येथील उत्खननावरून करता येतो. इरोड जिल्ह्यातील या स्थळी, ख्रिस्तपूर्व शतकांपर्यंत मागे जाणाऱ्या वसाहतीत, मुशी ठेवण्याच्या भट्टीचे अवशेष सापडले आहेत. नवव्या शतकात अब्बासी खलिफाच्या पदरी असलेल्या अल्-किंदीने तलवारींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात पोलादाच्या प्रतींची चर्चा करताना हिंदी व सरनदीबी, म्हणजे सिंहली, पोलादाचा निर्देश येतो. बाराव्या शतकातील भूगोलकार अल्-इद्रीसी हिंदी पोलादाची धार सर्वश्रेष्ठ मानतो. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या सौद्यांसाठी गोवळकोंड्यास वारंवार आलेला फ्रेंच जव्हेरी ताव्हेर्निये नोंदवून ठेवतो की, ज्या पोलादावर लहरींची नक्षी उठते ते पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातूनच येते. त्या काळी मच्छलीपट्टणच्या बंदरातून डच व्यापारी हजारो वड्या इराणच्या आखाताकडे रवाना करीत होते. तिकडे इस्फहानच्या कारागिरांच्या हाती पडून या वड्यांची जी पाती होत, त्यांच्या अंगावर पाण्यावरील तरंगांसारखी धूसर रेषांची जाळी दिसे; फारसीत तिला 'जौहर' म्हणत आणि दख्खनेतही तोच शब्द रूढ झाला. पश्चिमेकडील लोकांनी ही पाती दमास्कसच्या बाजारात पाहिली, म्हणून त्यांनी तिला त्या शहराचे नाव दिले. येथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या शतकांत दख्खनचे पोलाद इस्फहानला जात होते, त्याच शतकांत मराठ्यांच्या फौजेतील मातब्बर लोक 'फिरंग' म्हणून युरोपीय पात्याची तलवार अभिमानाने बाळगीत होते. घरच्या मालापेक्षा परक्या मुलखाच्या मालाचे मोल अधिक वाटणे, हा व्यापाराइतकाच जुना मनुष्यस्वभाव आहे.

आता मुशीकडे येऊ, कारण सारे मर्म तेथे आहे. मूस तयार करण्यासाठी निवडक मातीत भाताचे तूस, बहुधा जाळून कोळसा केलेले, मोठ्या प्रमाणात मिसळीत. तुसात सिलिका भरपूर असते. भट्टीच्या प्रखर आचेत माती मऊ पडू लागली तरी तुसाचा सिलिकामय सांगाडा आणि त्यातील कोळसा मुशीची भिंत उभी धरतात, आणि आतील लोहरस तिला खाऊन बाहेर पडत नाही. साध्या नरम लोखंडाचे लहान तुकडे करून ते या मुशीत भरीत. सोबत तरवडाच्या वाळल्या लाकडाच्या ढलप्या टाकीत आणि वर रुईची अथवा एखाद्या रानवेलीची हिरवी पाने घालीत. मग मुशीचे तोंड मातीने लिंपून बंद करीत, आणि अशा पंधरा-वीस मुशी भट्टीत कमानीसारख्या रचून, कोळशाच्या राशीत झाकून, भाते चालवीत. तरवड आपल्या माळरानावर वाटेल तेथे उगवतो आणि रुई तर गावकुसाच्या कडेने आपोआप वाढते. परंतु या दोन वनस्पतींचा उल्लेख सेलमपासून म्हैसूरपर्यंत निरनिराळ्या प्रवाशांच्या वर्णनांत पुनःपुन्हा यावा, याला कारण आहे. वाळल्या लाकडापासून बंद मुशीत शुद्ध कार्बन मिळतो. हिरव्या पानांतून निघणारे वायू हा कार्बन लोखंडात शिरण्याच्या क्रियेला चालना देत असावेत, असे आजच्या काही अभ्यासकांना वाटते.

लोखंडात कार्बन शिरला की काय घडते, हे येथे सांगणे अवश्य आहे. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, आणि एवढे तापमान खेड्यातल्या भात्याला गाठणे जवळजवळ अशक्य. परंतु कार्बन जसजसा मुरत जातो तसतसा वितळणबिंदू खाली येतो: दीड टक्का कार्बनाच्या पोलादाचा तो सुमारे शंभर अंशांनी उतरतो आणि चार टक्क्यांच्या पुढे, म्हणजे बिडाच्या अवस्थेत, साडेअकराशे अंशांच्या आसपास येऊन ठेपतो. नरम लोखंडात कार्बन नाममात्र असतो, म्हणून ते वाकते पण धार धरीत नाही; बिडात तो अतोनात असतो, म्हणून ते कठीण असूनही घणाच्या एका घावाने फुटते. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात पोलाद आहे, आणि मुशीतील पोलाद त्या प्रदेशाच्या अगदी वरच्या सीमेवर, एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान, उभे आहे. म्हणजे मुशीत भरलेला लाकडाचा चुरा थोडा अधिक झाला तर हाती बीड येणार, आणि थोडा उणा झाला तर लोखंड वितळणारच नाही. ही मर्यादा दरवेळी सांभाळणाऱ्या कारागिराजवळ तापमापक नव्हता आणि रसायनाचा तराजूही नव्हता. भट्टीचा रंग, भात्याचा आवाज, मूस चिमट्याने हलविली असता आतला रस डुचमळल्याची जाणीव, एवढ्यावर त्याचा निर्णय होई. या निर्णयाला मी ज्ञान म्हणतो. ते लिहिलेले नव्हते एवढ्यावरून त्याला अंधपरंपरा म्हणण्याचा जो प्रघात एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांतून आपल्याकडे आला, तो मला अन्यायाचा वाटतो.

रस झाल्यावर मुशी ताबडतोब फोडीत नसत. त्या सावकाश निवू देत, आणि निवलेल्या वडीच्या वरच्या पृष्ठावर मध्यापासून निघालेल्या बारीक रेषा दिसल्या तर वडी चांगली समजत. नंतर मातीचा लेप देऊन त्या वड्या पुन्हा मंद आचेत दीर्घकाळ ठेवीत. त्यामुळे त्यांचा ठिसूळपणा कमी होऊन त्या हातोडा सहन करण्याजोग्या होत.

कोनसमुद्रम येथे हे काम डोळ्यांनी पाहून लिहून ठेवणारा मनुष्य म्हणजे डॉ. हेन्री वॉयसी. कर्नल लॅम्बटन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर शल्यवैद्य व भूस्तरज्ञ म्हणून तो तैनात होता, आणि निजामाच्या मुलखात हिंडताना या खेड्यात आला. तेथे त्याला इस्फहानचा एक सौदागर, हाजी हुसेन, भेटला. हा गृहस्थ एवढा प्रवास करून पोलाद खरेदीसाठी आला होता. मुशीत घालण्याच्या लोखंडाचे वजन तो स्वतः करवून घेई आणि तयार वडीचा चिवटपणा स्वतः पारखी. मिर्टपल्लीचे लोखंड तीन भाग आणि कोंडापूरचे दोन भाग, असे मिश्रणाचे प्रमाण ठरलेले होते. हे पोलाद इराणात करून पाहण्याचा प्रयत्न झाला होता पण तो साधला नाही, असेही हाजी हुसेनने त्याला सांगितले. वॉयसीच्या टिपणातील हा तपशील वरवर किरकोळ भासतो. मला मात्र तो सर्वांत मोलाचा वाटतो. दोन निरनिराळ्या खाणींचे लोखंड ठराविक प्रमाणात घेतले पाहिजे, एकट्याने काम होत नाही, हे त्या खेड्यातील भट्टीवाल्याला आणि हजार कोसांवरून आलेल्या त्या गिऱ्हाइकालाही पक्के ठाऊक होते. असे का, हे सांगण्यासाठी विसावे शतक सरत यावे लागले.

आता लंडनकडे वळू. युरोपात मुशीत पोलाद वितळविण्याची कला १७४० च्या सुमारास शेफील्डजवळच्या बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने प्रथम साध्य केली; तोपर्यंत तिकडील पोलाद द्रवरूप होतच नव्हते. पोलाद व लोखंड यांतील भेद कार्बनामुळे आहे, हे स्वीडनच्या बर्गमानने १७८१ मध्ये सूचित केले आणि १७८६ मध्ये पॅरिसच्या व्हांदेरमाँद, बेर्तोले व माँझ या त्रयीने स्पष्टपणे मांडले. म्हणजे स्कॉट यांच्या वड्या पोहोचल्या त्या वेळी प्रश्न विचारण्यापुरते रसायन नुकतेच तयार झाले होते. पिअर्सन यांनी आम्लांत विरघळवून पाहिले, आणि लोह व कार्बन यांखेरीज यात थोडा ऑक्सिजन असावा व हे पोलाद थेट खनिजापासून बनत असावे, असा निष्कर्ष काढला. दोन्ही तर्क चुकले. पण त्याच निबंधात एक अशी नोंद आहे की, जिचे महत्त्व त्या वेळी कोणी ओळखले नाही. जेम्स स्टोडार्ट नावाच्या निष्णात शस्त्रकाराला या पोलादाचा चाकू घडविण्यास सांगितले असता, त्याने ते केवळ अंधारातच दिसेल इतक्या मंद लालीवर घडविले आणि चाकू उत्तम झाला. तिकडील इतर लोहार आपल्या सवयीप्रमाणे ते पिवळे-पांढरे होईपर्यंत तापवीत आणि हातोड्याखाली ते चुरा होऊन विखरे. मग दोष पोलादाला दिला जाई. कार्बन इतका भरलेला असला की उष्णतेच्या वरच्या पातळीवर त्याचे काही भाग वितळू लागतात आणि धातूचा बांधा सुटतो, हे त्याचे कारण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपीय लोहारांना जे रहस्य वाटत राहिले, त्याचा एक मोठा भाग स्टोडार्टच्या अंधाऱ्या भट्टीत १७९५ मध्येच उलगडला होता. स्टोडार्ट स्वतः पुढे जन्मभर शस्त्रक्रियेची हत्यारे करण्यासाठी हे हिंदी पोलाद इतर कोणत्याही पोलादापेक्षा पसंत करीत राहिला.

या स्टोडार्टनेच तरुण मायकेल फॅरडेला या विषयात ओढले. फॅरडे लोहाराचा मुलगा. धातूविषयीचा त्याचा जिव्हाळा पुस्तकी नव्हता. १८१९ मध्ये त्याने वूट्झचे पृथक्करण प्रसिद्ध केले आणि त्यात सापडलेल्या ॲल्युमिना व सिलिका यांच्या अल्पांशांना या पोलादाच्या गुणांचे कारण ठरविले. हाही निष्कर्ष टिकला नाही. परंतु एका सूक्ष्म द्रव्याच्या मिश्रणाने पोलाद इतके श्रेष्ठ होत असेल तर दुसरी द्रव्ये मिसळून पाहावीत, या विचाराने त्या दोघांनी पोलादात प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी, निकेल व क्रोमियम मिसळण्याचे प्रयोग आरंभिले, आणि त्यांचे निबंध १८२० व १८२२ मध्ये बाहेर आले. काही मिश्रणे शेफील्डच्या भट्ट्यांतही मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आली. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारला आणि फॅरडेचे मन हळूहळू दुसऱ्या विषयांकडे वळले. त्याने जपून ठेवलेल्या ७९ नमुन्यांची लाकडी पेटी विसाव्या शतकात सर रॉबर्ट हॅडफील्ड या धातुवेत्त्याच्या हाती आली. त्याने ते नमुने तपासून १९३१ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि मिश्रपोलादांच्या पद्धतशीर संशोधनाचा आरंभ फॅरडेपासून मानला. आपल्या स्वयंपाकघरातील न गंजणाऱ्या भांड्यांचे क्रोमियमयुक्त पोलाद ज्या वाटेने आले, त्या वाटेवरील पहिल्या पावलांपैकी एक हे होते. आणि ते पाऊल दक्षिणेतील एका वडीचे अनुकरण करू पाहताना पडले.

पॅरिसच्या टांकसाळीत धातूंची परीक्षा करणाऱ्या जाँ-रॉबेर ब्रेआँ याने मात्र थोड्याच आठवड्यांत तीनशेंवर प्रयोग करून, १८२३ च्या सुमारास, बरोबर उत्तराला हात घातला. पात्यावरील जाळी परकीय द्रव्याने उठत नाही. कार्बन अधिक असला आणि रस सावकाश निवला की लोह व कार्बन यांची दोन भिन्न संयुगे आतल्या आत वेगळी होतात, आणि आम्ल लावताच एक काळे व एक पांढरे दिसते, असे त्याचे प्रतिपादन होते. एकाच दुधाला एकच विरजण लावूनही ऊब आणि वेळ बदलली की दह्याची कवडी निराळी लागते. धातूचेही तसेच असते, ही गोष्ट रसायनाच्या तराजूवर वाढलेल्या त्या पिढीला पटणे सोपे नव्हते. रशियात उरल पर्वतातील झ्लातोउस्त येथे पावेल आनोसोव्ह याने पोलादाचे घासून लख्ख केलेले पृष्ठ १८३१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १८४१ मध्ये 'बुलात' पोलादावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. धातूकडे सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची ही दृष्टी पुढे शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने १८६० नंतरच्या दशकात शास्त्रशुद्ध केली. धातूच्या पोटातील रचना हाच अभ्यासाचा विषय मानणारे शास्त्र येथून वाढत गेले.

या साऱ्या इतिहासात एक योग हुकला, आणि त्याची हळहळ मला वाटते. फॅरडे लंडनमध्ये त्या वडीचे पृथक्करण करीत होता त्याच काळात वॉयसी दख्खनेत हिंडत होता. एकापाशी वडी होती आणि ती कशी झाली हे ठाऊक नव्हते. दुसऱ्याने ती होताना पाहिली होती आणि तिच्या पोटात काय आहे हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. वॉयसी १८२४ मध्ये वारला. त्याचे टिपण कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३२ मध्ये छापून आले, आणि तोवर फॅरडेने, १८३१ च्या ऑगस्टमध्ये, विद्युतप्रवर्तनाचा शोध लावून जगाची दिशाच बदलून टाकली होती. बुकॅनन याने १८००-०१ मध्ये म्हैसूर व मलबारचा दौरा करताना अशाच भट्ट्यांची तपशीलवार वर्णने लिहिली होती, बेंजामिन हाइने यानेही लिहिली होती. पण ती महसूल व जमिनीच्या माहितीच्या गर्दीत पडून राहिली. नमुने विलायतेस जात राहिले. ज्याच्या हातांत ती विद्या होती त्या मनुष्याला प्रश्न विचारावा, त्याची भट्टी हाच प्रयोग समजून तिच्यापाशी ऋतुभर बसावे, असे त्या काळात फारसे कोणाला वाटले नाही. कारागिरांकडूनही हे ज्ञान मोकळेपणाने दिले जात नसे, हे मान्य केले पाहिजे. मूस कशी लिंपावी हे बापाने मुलाला दाखवायचे, भाषेत उतरवायचे नाही, ही रीत होती. आणि ती रीत धंदा चालू असेपर्यंत त्याचे रक्षण करते पण धंदा बसला की त्याच्याबरोबर विद्याही घेऊन जाते.

धंदा बसण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. जोसाया हीथ याने १८३० च्या सुमारास पोर्टो नोव्हो येथे सेलमच्या खनिजावर चालणारा विलायती धर्तीचा कारखाना काढला, पण तो नीट चालला नाही. तेव्हा तेवढ्याने खेड्यांतील भट्ट्यांना धक्का बसला असे म्हणता येत नाही. खरा आघात बेसेमर याच्या १८५६ च्या युक्तीने झाला, कारण त्यानंतर पोलाद टनांनी व कवडीमोलाने मिळू लागले आणि दोन रत्तलांच्या वडीला पुसणारा कोणी उरला नाही. १८७८ मध्ये जंगलांचा कायदा आणि हत्यारांचा कायदा हे दोन्ही एकाच वर्षी आले. पहिल्याने कोळसा पाडण्यासाठी रानात शिरण्याचा हक्क आवळला गेला आणि दुसऱ्याने तलवार बाळगणाऱ्यांची संख्या आटली. इराण व तुर्कस्तानातही तोवर तलवारीची जागा बंदुकीने घेतली होती, म्हणून हाजी हुसेनसारखे गिऱ्हाईक यायचे थांबले. लंकेत विसाव्या शतकाच्या आरंभी आनंद कुमारस्वामींनी मुशीतील पोलादाची कृती पाहून तिची नोंद करून ठेवली. त्यांनी पाहिले ते या कलेचे अगदी शेवटचे जाणकार होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि तो दोन निरनिराळ्या दिशांनी. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ओलेग शर्बी व जेफ्री वॅड्सवर्थ हे अतिकार्बन पोलादाचा अभ्यास करीत होते. असे पोलाद योग्य तापमानात न तुटता कित्येक पट लांबविता येते हे पाहताना त्यांच्या ध्यानी आले की, आपण ज्या प्रमाणावर येऊन पोहोचलो आहोत ते दमास्कसच्या पात्यांचेच आहे. दुसरी दिशा अधिक मनोवेधक आहे. आयोवा राज्य विद्यापीठातील धातुवेत्ते जॉन व्हेरहोवेन आणि फ्लॉरिडातील घोड्यांना नाल ठोकणारा व पाती घडविणारा आल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षे एकत्र काम केले: एकाने भट्टी पेटवावी, वडी घडवावी, दुसऱ्याने ती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी. १९९८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, जाळी उठण्यासाठी कार्बन व मंद घडाई ही पुरेशी नाहीत. लोखंडात व्हॅनेडियमसारख्या एखाद्या द्रव्याचा अंश असावा लागतो, आणि तोही इतका सूक्ष्म की दहा हजार भागांत अर्ध्या भागाहूनही कमी असला तरी चालतो. रस निवताना हा अंश विशिष्ट पट्ट्यांत साचतो, पुढे प्रत्येक तापवणीत व घडवणीत लोहकार्बनाचे कठीण कण त्याच पट्ट्यांपाशी गोळा होत जातात, आणि अशा रीतीने जौहर उमटतो. हा अंश ज्या खाणीत असेल तिचे लोखंड घेतले तरच पाते साधणार. म्हणून विशिष्ट खाणी आटल्या आणि कारागिराला कारण न कळताच त्याची पाती फसू लागली, असे व्हेरहोवेन यांचे अनुमान आहे. माझ्या मते ऱ्हासाची बाजारातील कारणे एवढी भक्कम आहेत की खाण आटण्यावर सर्व भार टाकता येणार नाही. पण मिर्टपल्लीचे तीन भाग व कोंडापूरचे दोन भाग हे प्रमाण या अनुमानाच्या प्रकाशात वाचले म्हणजे त्या भट्टीवाल्याच्या आग्रहामागे काय असावे याची वाट दिसू लागते.

२००६ मध्ये ड्रेस्डेन येथील शास्त्रज्ञांनी सतराव्या शतकातील एका पात्याचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका असल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्या वार्तेचा आपल्याकडे फार गाजावाजा झाला. पूर्वजांना नॅनोतंत्र अवगत होते, असे लेख निघाले. हा अभिमान अस्थानी आहे. त्या कारागिराने नलिका घडवायच्या ठरविल्या नव्हत्या. त्याने मातीत तूस किती मिसळावे, मूस किती वेळ निवू द्यावी आणि पाते कोणत्या लालीवर घडवावे हे ठरविले होते, आणि त्याचा खरा गौरव याच गोष्टी नीट समजून घेण्यात आहे.

सुदैवाने तसे काम आता होत आहे. बंगळुरूच्या शारदा श्रीनिवासन यांनी दक्षिण अर्काटातील मेल-सिरुवलूर येथे मुशींचे ढीग शोधून त्यांतील पोलादाच्या थेंबांचे परीक्षण केले, एस. रंगनाथन यांच्यासह त्यांनी लिहिलेला वूट्झवरचा ग्रंथ २००४ मध्ये निघाला. कोनसमुद्रमच्या मुशींच्या भिंतींची बारकाईची तपासणी थेल्मा लो या अमेरिकन विदुषीने केली आणि तूस व माती यांच्या त्या मिश्रणाला आधुनिक उष्णतारोधक द्रव्यांच्या पंक्तीत बसविले. २०१० मध्ये बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडातील एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून उत्तर तेलंगणातील गावागावांत हिंडून लोहकीटाचे ढीग, भट्ट्यांच्या जागा आणि मुशींच्या खापऱ्या यांची नोंद केली. त्यांच्या पथकांनी गावातील वृद्ध लोहारांनाही गाठून त्यांच्या घराण्यांतील आठवणी टिपून घेतल्या. गोदावरीच्या अलीकडे, नांदेड व किनवटच्या बाजूस, असे सर्वेक्षण व्हावे आणि आपल्याकडील लोहारांच्या तोंडी असलेले तिखे, कीट, मूस, पाणी देणे यांसंबंधीचे बोल लिहून घेतले जावेत. तेथील जुन्या भट्टीच्या जागांवरील कीटाचे नमुने तपासून त्यांतील व्हॅनेडियमचा अंश मोजणे आज एखाद्या मध्यम प्रतीच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेलाही शक्य आहे, आणि मिर्टपल्ली व कोंडापूर यांच्या लोखंडाशी त्याची तुलना करून पाहिल्यास, त्या दोन खाणींपैकी कोणत्या खाणीमुळे पोलादात जौहर उतरत होता, या प्रश्नाचा निकालही लागू शकेल.